भरून घेतलेली शांतता

माझ्या नणंदेला कोणतीही वस्तू बाहेरून दिसत नसे. कोबी चिरायला दिला, तर त्या मधोमध एक काप देत, दोन्ही अर्धी समोर मांडत आणि आतल्या पदरांची वळणं निरखत बसत. तोवर इकडे कढईतलं तेल धुरायला लागे. मी कुरकुर केली की म्हणत, "वहिनी, तुम्हाला भाजी दिसते, मला छेद दिसतो." त्यांचं कामच ते होतं. पंपांच्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांची सगळी नोकरी झाली. पंप उभा कापला तर आत काय काय कसं बसलेलं दिसेल, ते कागदावर काढायचं. खरा पंप कोणी कापत नाही. वन्सं तो मनातल्या मनात कापत, आणि त्यांच्या कागदावरून खाली वर्कशॉपमध्ये लोखंडाचा पंप उभा राही.

लग्न त्यांनी केलं नाही. नातेवाइकांनी छेडलं की म्हणायच्या, "दाखवायला आणलेला प्रत्येक जण मी मधून कापून पाहिला. आत काही निघालं नाही." यांना, म्हणजे त्यांच्या दादाला, हे ऐकून हसू आवरत नसे. मला कापून पाहिलंस का कधी, असं यांनी एकदा विचारलं, तर वन्सं म्हणाल्या, "तुझ्यात बघण्यासारखा एकच भाग आहे, आणि तोही सैल झालाय." तो भाग म्हणजे उजवा गुडघा. तरुणपणी शिडीवरून पडल्यापासून यांचा उजवा पाय उचलला जात नसे, ओढला जाई. डावं पाऊल पडे, मग उजवं घासत येई. टप्, सर्र. टप्, सर्र. हे घरात कुठेही असले, तरी कोणत्या खोलीतून कोणत्या खोलीत चाललेत ते मला हातातलं काम न सोडता कळे.

घर आमचंच, दुमजली. खाली आम्ही दोघं, वर वन्सं, मध्ये लाकडी जिना. हे गेल्यावर खाली मी एकटी राहिले आणि वर त्या. जेवण एकत्र, बाकी जिचं तिचं. मधल्या खोलीत खिडकीशी यांची वेताची खुर्ची आहे. तिच्यात बसलं की आधी वेताची बारीक कुरकुर होते आणि मग कोणीतरी सुस्कारा टाकावा तसा आवाज येतो. हे गेल्यापासून तिच्यात कोणी बसलेलं नव्हतं. ठरवून नाही. बसलं नाही, इतकंच.

ड्रॉइंग ऑफिसातली एक पद्धत वन्संनी घरीही सोडली नव्हती. तिथे प्रत्येक कागदाच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. तीत एक सही काढणाऱ्याची आणि एक तपासणाऱ्याची. काढणाऱ्याला आपली चूक दिसत नाही, म्हणून तपासणारा दुसराच लागतो. तो एकेका रेषेवर बोट ठेवून विचारतो, ही इथे का? जिला उत्तर नाही ती रेषा खोडली जाते, आणि दुसरी सही पडल्याशिवाय कागद बाहेर जात नाही. मी माहेरी लिहिलेली पत्रंसुद्धा पाकिटात घालण्याआधी त्या तपासायला मागत. मी देत नसे.

नोकरीच्या शेवटी शेवटी ड्रॉइंग बोर्ड गेले आणि कॉम्प्युटर आले. बरोबरीच्या लोकांनी नाकं मुरडली, वन्संनी शिकून घेतलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी वरच्या खोलीत एक भलामोठा स्क्रीन आणून ठेवला आणि व्हिडिओ गेम खेळायला लागल्या. मी थक्कच झाले. या वयात बायका गुडघ्यांना तेल लावतात. पण एकदा त्यांच्या मागे उभी राहून पाहिलं आणि मला कळलं. एक प्रचंड घर होतं आणि ते मधून उभं कापलेलं होतं. सगळ्या खोल्या, जिने, तळघरं एकदम उघडी. त्यात हिंडायचं. काही दारं उघडत नाहीत, काही कठडे हाताला लागत नाहीत. पुढे कुठेतरी एखादी नवी कला मिळते, मग मागे यायचं आणि मघाचं बंद दार उघडायचं. त्या जातीच्या खेळांना मेट्रॉइडव्हेनिया म्हणतात. हा शब्द मला अजून एका दमात म्हणता येत नाही. वन्संसाठी तो साधा छेद होता, फक्त आत एक माणूस चालत होता.

असला एक मी काढणार, असं त्यांनी जेवताना जाहीर केलं, आणि काढायला घेतला. एकटीने. चित्रं त्यांची, आवाज त्यांचे, हिशेब त्यांचे.

त्यांच्या खेळात एक ठेंगणी बाई आहे, अंगात लांब कोट. तिला आम्ही बुटकी म्हणत असू. बुटकीला डोळे मिटल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. बटण दाबलं की ती डोळे मिटते, सगळा स्क्रीन काळा होतो आणि बाणाची कळ दाबली तशी अंधारात तिची पावलं ऐकू येतात. बटण सोडलं की ती थांबते, डोळे उघडते, आणि आपण कुठे येऊन पोचलो ते दिसतं. म्हणजे आधी खोली डोळे भरून पाहून घ्यायची, मनात ठेवायची आणि मग न पाहता चालायचं. पुढे तिला एकेक कला मिळत जाते: भिंतीला हात लावून चालणं, टाळीच्या घुमण्यावरून छप्पर किती उंच ते ओळखणं, खिशातला खडा टाकून खड्डा किती खोल ते अजमावणं. घराच्या अगदी तळाशी एक शेवटचं दार होतं. ते कोणत्या कलेने उघडेल आणि पलीकडे काय असेल, ते वन्संचं अजून ठरलं नव्हतं.

मी विचारलं, हा छळ कशाला? बाकीच्या खेळांत माणसं उड्या मारतात, उडतात. वन्संनी चष्मा काढून पदराने पुसला आणि म्हणाल्या, "सराव."

डोळ्यांचं मला तेव्हा कळलं.

पुढच्या खेपेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी बरोबर गेले. त्यांनी समजावून सांगितलं की डोळ्याच्या आतला पडदा कडेकडेने निकामी होत चालला आहे. नळीतून पाहावं तसं दिसतं, आणि ती नळी अरुंद होत जाणार. मधलं किती दिवस टिकेल हे सांगता येत नाही. बारीक काम असेल तर उरकून घ्या. आणखी एक त्यांनी सांगितलं: नजर जाताना काही जणांना नसलेल्या गोष्टी दिसतात, माणसंही दिसतात, त्याने घाबरून जायचं नाही, डोकं शाबूत असतं. वन्संनी विचारलं, "आणि ऐकू येतात?" डॉक्टर हसून म्हणाले, कान माझ्याकडे नाहीत. वन्सं हसल्या नाहीत. तेव्हा मी त्याचा विचार केला नाही.

रिक्षात त्या एवढंच बोलल्या की, "अर्धवट ड्रॉइंग टेबलावर टाकून मी कधी घरी गेले नाही, वहिनी." मला त्यांचं म्हणणं पोचलं. डोळे गेल्याचं दुःख करायला पुढे आयुष्य होतं. डोळे जायच्या आत तो खेळ पुरा होऊन, दोन सह्या पडून घराबाहेर जायला हवा होता.

दुसरी सही माझी, हे त्यांनी परस्पर ठरवलं. मी म्हटलं, मला यातलं ओ की ठो कळत नाही. म्हणून तर, असं उत्तर आलं. दुपारची भांडी झाली की मी वर जाऊन कानांना हेडफोन लावून बसायला लागले. पहिले काही दिवस बुटकी सारखी खड्ड्यात पडे आणि मी दर वेळी तोंडाने आई गं म्हणे. वन्सं मागून म्हणत, तिला लागत नाही, तुम्ही कण्हू नका. पुढे जमायला लागलं. खोली पाहायची, डोळ्यांत धरायची, आणि अंधारात पाऊल टाकायचं. खरं सांगायचं तर त्या काळ्या स्क्रीनसमोर मी स्वतःचेही डोळे मिटून घेत असे.

आवाज सगळे घरातलेच. फरशीवरची पावलं वन्संची, जिन्यावरची वन्संची, वाळूवरची म्हणजे घमेल्यात वाळू भरून तीत चाललेली. कोटाची सळसळ माझ्या जुन्या पडद्याची. दाराची करकर आमच्या कोठीच्या खोलीची. तिला तेल घालू नका म्हणून मला ताकीद होती. हातात मावेल एवढं एक रेकॉर्डर यंत्र घेऊन त्या घरभर फिरत आणि मधूनच म्हणत, "वहिनी, तो डबा पुन्हा पाडा."

मग एके दिवशी सकाळी खाली येऊन म्हणाल्या, आज शांतता भरून घ्यायची आहे.

मला वाटलं थट्टा. पण नाही, आवाजाचं काम करणारी माणसं तसं करतात म्हणे. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते. भिंती, खिडक्या, रिकाम्या जागा मिळून एक अगदी बारीक आवाज होतो, तो आपल्याला ऐकू येत नाही, पण नसला की चुकल्यासारखं वाटतं. काळ्या स्क्रीनमागे काहीच आवाज नसेल तर खेळणाऱ्याला वाटेल यंत्र बंद पडलं. म्हणून रिकाम्या खोलीत रेकॉर्डर चालू करून ठेवायचा आणि माणसांनी निघून जायचं. शिवाय वन्संनी खेळात अशी सोय केली होती की बुटकीने डोळे मिटले की ती शांतता हळूहळू मोठी होत जावी आणि तिने ते उघडले की पुन्हा बारीक व्हावी. अंधारात आपले कान असेच उघडतात, असं त्यांचं म्हणणं.

फ्रीज बंद केला. भिंतीवरचं घड्याळ टॉवेलात गुंडाळून बाहेर ठेवलं. रेकॉर्डर मधल्या खोलीत स्टुलावर ठेवला; खुर्ची रिकामी होती, पण तीवर ठेवायला त्यांनाही नको वाटलं आणि मलाही. वन्सं वर जाऊन बसल्या. मी मागच्या खोलीत रोजनिशी लिहीत बसेन, जागची हलणार नाही, असं कबूल केलं. आणि बसले. तशीच बसून होते, हे मी तेव्हा कोणालाही शपथेवर सांगितलं असतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी खेळातल्या तळमजल्यावर, लांब बोळातून बुटकीला नेत असताना मला मागून पावलं ऐकू आली.

बुटकीची पावलं हलकी, सारखी पडतात. ही तशी नव्हती. टप्, सर्र. मी बटण सोडलं. बुटकी थांबली, बोळ दिसला, रिकामा. आवाज नाही. पुन्हा बटण दाबलं. काही वेळ नुसता अंधार, आणि मग मागून, दुरून, टप्, सर्र.

मी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. वन्संना विचारलं की बुटकीच्या मागे कोणी ठेवलंय का. त्या माझ्याकडे तोंड करून बसल्या, त्यांच्या त्या नळीत मला धरून.

"तुम्हालाही ऐकू येतं?" त्या म्हणाल्या.

मग हळूहळू त्यांनी सांगितलं. खेळात त्यांनीही ऐकलं होतं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून, दुपारी वर बसलेल्या असताना, खालून त्यांना तीच चाल ऐकू येत होती. स्वयंपाकघरातून मधल्या खोलीत, मधल्या खोलीतून खिडकीशी. डोळ्यांना नसलेलं दिसतं तसं आपल्या कानांना नसलेलं ऐकू यायला लागलं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. डॉक्टरांना तेच विचारलं होतं. मला सांगितलं नाही, कारण, "तुम्हाला ऐकू येत नसतं तर मग मी कुठल्या कानांनी हा खेळ पुरा करणार होते? डोळे तर चाललेच आहेत."

ती चाल कोणाची, हे दोघींपैकी एकीनेही उच्चारलं नाही. चहा केला. निवत गेला.

दुसऱ्या दिवसापासून वन्सं शोधाला लागल्या. खेळातला एकेक आवाज काढून ऐकायचा, बाजूला ठेवायचा. पावलं, कोट, दारं, टाळ्या, खडे. कुठेच ती चाल नव्हती. नजर आता इतकी आकसली होती की स्क्रीनवरचा बाण कडेला गेला की त्यांना सापडत नसे; मी शेजारी बसून वर, आणखी वर, डावीकडे, असं सांगत असे. पुढ्यातला कप त्यांच्या हाताने दोनदा कलंडला. मी म्हटलं, हे राहू द्या, आधी ती शेवटची खोली काढून घ्या, डोळे आहेत तोवर. त्यांनी मानच हलवली. "मी न काढलेली रेषा माझ्या कागदावर आहे. ती का आहे ते कळल्याशिवाय तुम्ही सही कराल?"

मी नसती केली. तपासणाऱ्याचं काम मलाही एव्हाना लागलं होतं.

वन्संनी खेळाची कच्ची प्रत इंटरनेटवरच्या काही खेळाडूंना पाठवली होती. त्यांपैकी घुबड असं टोपणनाव घेतलेला कोणी होता, किंवा होती. आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. घुबडाचा निरोप आला. मी वाचून दाखवला. बाकी ठीक आहे, जिने जास्त आहेत, पण मागून येणारा तो लंगडा माणूस कमाल आहे; आपण थांबलो की थांबतो; मला आता दिवा लावून झोपावं लागतं; त्याचं तोंड कधी दाखवणार? वन्सं म्हणाल्या, "लिहा त्याला, दिवा लावून झोपल्याने बिल येतं." पण आवाज कोरडा होता. दुपारी त्यांनी जेवणाला हात लावला नाही.

सापडलं ते सगळं ऐकून संपल्यावर. ऐकायची राहिली होती फक्त शांतता. ती कोण ऐकणार? वन्संनी मला वर हाक मारली. मधल्या खोलीची शांतता त्यांनी अंधारात होते त्याहून मोठी केली होती. हेडफोन एकच, म्हणून एक बाजू त्यांच्या कानाला आणि एक माझ्या, अशा आम्ही गालाला गाल लावून बसलो.

आधी नुसता वारा कोंडल्यासारखा आवाज. मग आतून, मागच्या बाजूने, टप्, सर्र. सावकाश. जवळ येत. मधेच थांबून. पुन्हा. आणि मग अगदी साध्या आवाजात, घरात बोलतात तसं, एक बाई म्हणाली:

"हो, आले."

तो आवाज माझा होता.

वन्संनी यंत्र बंद केलं. मग वाकून, हाताने चाचपत, माझ्या पायांना हात लावला. माझ्या पायांत यांच्या सपाता होत्या. माझ्या तुटल्या, फरशी गार लागत होती, यांच्या दाराशी पडलेल्या होत्या, म्हणून त्या घालायला लागले. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. उजवीचा तळ पुढच्या बाजूने पार झिजलेला. वन्संनी ती पायातून काढून घेतली आणि अंगठ्याने तो झिजलेला भाग पुन्हा पुन्हा चाचपला.

"तुम्हीच चालत होता, वहिनी," त्या म्हणाल्या. "दादा गेल्यापासून तुम्हीच चालताय."

दुसरा काही अर्थच नव्हता. मोठ्या सपाता, ओढून चालावं लागतं. मी उठले असेन, मधल्या खोलीपर्यंत गेले असेन आणि विसरले असेन. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी दिवसाचा जमाखर्च रोज लिहायची शिस्त लावली, ती मी आजवर मोडली नाही. पण उठल्याचं, चालल्याचं कोण लिहितं? मी मान्य केलं. वन्संचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला. त्यांचे कान शाबूत होते. मला मात्र एक गोष्ट विचारावीशी वाटत होती, ती मी विचारली नाही: मी हो कोणाला म्हणत होते?

शोध लागला, आता आवाज खोडायचा, एवढंच काम होतं. वन्संनी तो खोडला नाही. दोन दिवसांनी त्यांनी सांगितलं की शेवटच्या दाराची कला सापडली. खेळभर बुटकीच्या मागून ती पावलं येत राहतील. खेळणारा त्यांना भिऊन पळेल, खड्ड्यात पडेल. पण तळाशी, त्या शेवटच्या दारापाशी, टाळी, खडा, भिंत, कशाचाच उपयोग होणार नाही. तिथे डोळे मिटायचे आणि न चालता उभं राहायचं. मागच्याला जवळ येऊ द्यायचं, अगदी पाठीशी, हलायचं नाही. तो बाजूने पुढे जाईल. मग त्याच्या पावलांवर पावलं टाकत त्याच्या मागून जायचं. दार उघडं असेल.

मी म्हटलं, छान आहे. खेळाचं नाव आधी छेद होतं, ते त्यांनी त्या दिवशी बदलून चाहूल केलं.

त्यासाठी ती पावलं नीट भरून घ्यायला हवी होती: लांबून जवळ येणारी, बाजूने जाणारी, पुढे जाऊन थांबणारी. मी सपाता घालून मधल्या खोलीत चालले. वन्सं भिंतीशी डोळे मिटून उभ्या. चालले, परत आले, पुन्हा चालले.

"हे नाही," त्या म्हणाल्या.

पाय ओढून पाहिला. गुडघा ताठ धरून पाहिला. रेकॉर्डरमध्ये ऐकलं, तर एक म्हातारी मोठ्या सपाता सावरत चाललेली, फटक फटक. ती चाल येईना. मी त्यांच्याकडे बघत होते, त्या माझ्या दिशेला. मग वन्सं घाईने म्हणाल्या, मुद्दाम केलं की काहीच जमत नाही, फोटो काढताना हसू जमतं का? तुम्ही रोजच्यासारख्या वागा. मी यंत्र ठेवून देते, कधी चालू आहे ते सांगणार नाही.

तसं केलं. रेकॉर्डर मधल्या खोलीत स्टुलावर राहिला. मी कपडे घड्या केले, लिहिलं, दुपारी लवंडले. यंत्राकडे बघायचं नाही, असं ठरवलं होतं. वन्सं संध्याकाळी ते वर नेत आणि सकाळी आणून ठेवत. काही दिवसांनी म्हणाल्या, मिळालं. अगदी पाहिजे तसं मिळालं. मी ऐकायला मागितलं नाही.

याच सुमाराला त्यांची नजर मधोमधही धूसर झाली. शेवटची खोली काढायची राहिली होती. त्यांनी प्रयत्न केला; मी बाजूला बसून रेष कुठे चालली ते सांगितलं, पण सांगून रेष निघत नाही. भिंतीला भिंत मिळेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी हात मांडीवर ठेवले. मी घाबरले, कारण त्यांना असं हात ठेवून बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आता हा राहिला, असं माझ्या मनात आलं. इतकं सगळं करून शेवटची चौकट कोरी.

पण त्या म्हणाल्या, "चित्र नकोच. तिथे पोचल्यावर बुटकी डोळे उघडेल आणि अंधारच असेल. खोली ऐकायची." आणि त्यांनी शेवटच्या खोलीत आमच्या मधल्या खोलीची शांतता घातली. ते काम त्या न पाहता करू शकल्या.

खेळ पाठवायच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी तो शेवटचा तपासला. वन्सं शेजारी, एव्हाना आणलेला दुसरा हेडफोन लावून. खेळातल्या घराच्या छेदाचा सगळा नकाशा त्यांनी नजर होती तेव्हाच काढून ठेवला होता. त्याची मोठी प्रत छापून टेबलावर पसरली होती. कोपऱ्यातल्या चौकटीत त्यांची सही झालेली, थोडी तिरकी. शेजारची जागा मोकळी.

मी बुटकीला तळाशी नेलं. शेवटच्या दारापाशी डोळे मिटले आणि बटण धरून उभी राहिले. शांतता मोठी होत गेली. मागून पावलं आली. टप्, सर्र. पाठीशी येऊन थांबली. मी हलले नाही. मग ती डाव्या कानाकडून उजव्या कानाकडे गेली, पुढे झाली, आणि मी त्यांच्या मागून निघाले. फरशी कोणती, वळण कोणतं, उंबरा कुठे, मला सगळं ओळखीचं होतं. ती थांबली. मीही बटण सोडलं. बुटकीने डोळे उघडले. अंधार.

त्या अंधारात, अगदी जवळ, वेताची बारीक कुरकुर झाली आणि मग कोणीतरी सुस्कारा टाकावा तसा आवाज आला.

खेळ संपला. नावं आली: काढणारी, तपासणारी.

वन्संनी हेडफोन उतरवला. चेहऱ्यावर कारखान्यातून मोठं काम पुरं करून येत तेव्हाचं समाधान होतं. "शेवटचं ते खुर्चीचं फार छान आलं, वहिनी," त्या म्हणाल्या. "मी बसायला सांगितलंही नव्हतं. बसलात, बरं झालं. नाहीतर ती पावलं नुसती थांबली असती."

मी त्या खुर्चीत बसत नाही. निदान मला तरी तसं वाटतं. पण मी चालत नव्हते, असंही मला वाटत होतं.

त्यांनी नकाशा चाचपत माझ्याकडे सरकवला, पेनाचं टोपण काढलं आणि पेन पुढे धरलं; माझ्या हाताच्या थोडं बाजूला, हवेत. एकेका रेषेवर बोट ठेवायचं आणि विचारायचं, ही इथे का? उत्तर नसेल तर खोडायची. खोडायला, पुन्हा भरून घ्यायला, पुन्हा जुळवायला जी नजर लागते, ती आता या घरात कोणाकडे नव्हती.

"तपासलं?" वन्संनी विचारलं.

मी पेन घेतलं. "तपासलं," म्हटलं, आणि सही केली.

खाली मधल्या खोलीत घड्याळ चालू होतं. आम्ही दोघी वर बसून ते ऐकत राहिलो. मी सपाता काढून पाय माझ्या खुर्चीवर उचलून घेतले होते, जमिनीला लागणार नाहीत असे.